जन्मतारीख आणि कसब

नोकरीच्या जाहिरातीत शैक्षणिक पात्रता, अनुभव आणि वेतन यांच्या जोडीने ‘वयोमर्यादा’ अशी एक ओळ छापलेली असते. ज्याचे वय त्या मर्यादेत बसते त्याचे तिच्याकडे फारसे लक्षही जात नाही. पण ज्याचे बसत नाही त्याच्यासाठी ती एकच ओळ बाकीची सगळी जाहिरात निरर्थक करून टाकते. कामाच्या शोधात असलेला मनुष्य नेमका कोणत्या वयापासून ‘ज्येष्ठ’ मानावा, याचे उत्तर मात्र ठिकठिकाणी वेगळे मिळते. अमेरिकेने १९६७ साली नोकरीतील वयभेदाविरुद्ध जो कायदा केला, त्याचे संरक्षण वयाच्या ४० व्या वर्षापासून सुरू होते. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत शिरण्याची सर्वसाधारण कमाल मर्यादा २०१६ साली खुल्या प्रवर्गासाठी ३३ वरून ३८ वर आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर नेण्यात आली. भारतीय कायद्यातील ‘ज्येष्ठ नागरिक’ मात्र ६० वर्षांचा झाल्याशिवाय अस्तित्वात येत नाही. चाळिशी आणि साठी यांच्यामध्ये अशी जवळजवळ वीस वर्षे उरतात, ज्यांत मनुष्य नोकरीसाठी म्हातारा आणि पेन्शनसाठी तरुण असतो. प्रस्तुत प्रकरणाचा विषय ही वीस वर्षे आहेत.

या विषयाकडे वळण्यापूर्वी वय नावाच्या आकड्याविषयी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. महाराष्ट्रात आज साठी ओलांडलेल्या अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख आढळते. याचे कारण असे की, जन्माची नोंद नसलेले मूल शाळेत आले म्हणजे गुरुजी त्याच्याकडे पाहून वर्षाचा अंदाज बांधीत आणि जूनमध्ये शाळा उघडताना वय पुरे भरावे म्हणून तारीख १ जून टाकीत. पुढे तीच तारीख कारखान्याच्या हजेरीपटावर, भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर आणि अखेर निवृत्तीच्या आदेशावर चढली. ज्या आकड्यावर माणसाची उमेदवारी फेटाळली जाते, तो आकडा अनेकदा असा एका गुरुजींच्या अदमासातून निघालेला असतो; तरीही बाजारात त्याला जे वजन आहे, ते त्याच माणसाच्या तीस वर्षांच्या कसबाला मिळत नाही. असे का होते, हे समजून घेण्यासाठी प्रथम मालकाच्या बाजूने विचार करावा लागतो.

मालक वय का विचारतो

अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नाची जी उत्तरे दिली आहेत, त्यांपैकी तीन विशेष उपयोगी आहेत. पहिले उत्तर वेतनाच्या रचनेत आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड लझिअर यांनी १९७९ साली असे मांडले की, मोठ्या आस्थापनांत तरुण कामगाराला त्याच्या उत्पादकतेपेक्षा कमी आणि वयस्क कामगाराला त्याच्या उत्पादकतेपेक्षा अधिक वेतन मिळते, आणि दोघांनाही हा सौदा मान्य असतो, कारण उतारवयातील वाढीव वेतनाच्या आशेने कामगार टिकून राहतो व मन लावून काम करतो. याला ‘विलंबित वेतन’ म्हणता येईल; म्हणजे आजच्या श्रमाच्या मोबदल्याचा काही भाग मालकाकडे जणू ठेव म्हणून राहतो आणि पुढे परत मिळतो. कारखाना मध्येच बंद पडला की ही ठेव बुडते. नव्या मालकाकडे या कामगाराने काहीच ठेवलेले नसते, त्यामुळे जुन्या ठिकाणी ज्येष्ठतेमुळे मिळणारा पगार त्याला नव्या ठिकाणी कोणी देऊ करीत नाही.

दुसरे उत्तर कौशल्याच्या स्वरूपात आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ सालच्या आपल्या ग्रंथात कौशल्याचे दोन प्रकार केले: कोठेही उपयोगी पडणारे ‘सर्वसाधारण’ कौशल्य आणि एका विशिष्ट आस्थापनेतच ज्याचे मोल आहे असे ‘विशिष्ट’ कौशल्य. लेखन, हिशेब, वाहन चालवणे ही पहिल्या प्रकारात मोडतात. अमुक एका यंत्राच्या खोडी ठाऊक असणे, अमुक साहेबाकडून काम कसे करून घ्यावे याची जाण असणे, ही दुसऱ्या प्रकारात. एकाच ठिकाणी पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाजवळ दुसऱ्या प्रकारचा साठा मोठा असतो, आणि नेमका तोच साठा फाटकाबाहेर पडताना मागे राहतो.

तिसरे उत्तर माहितीच्या टंचाईत आहे. अर्जदार किती मेहनती आहे, किती लवकर शिकतो, किती दिवस टिकेल, हे मालकाला अर्जावरून कळत नाही. वय मात्र कळते. अशा वेळी तो त्या वयाच्या लोकांविषयीचा आपला सर्वसाधारण समज समोरच्या व्यक्तीवर लादतो. याला ‘सांख्यिकीय भेदभाव’ म्हणतात, कारण यात द्वेष असतोच असे नाही. व्यक्तीची पारख करण्याचा खर्च टाळण्यासाठी गटाच्या सरासरीवर भागवले जाते. डेव्हिड न्यूमार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ४०,००० हून अधिक बनावट अर्ज पाठवून केलेला आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. अर्जांतील पात्रता सारखी ठेवून केवळ वय बदलले असता, निवृत्तीच्या जवळ आलेल्या अर्जदारांना मुलाखतीची बोलावणी कमी आली, आणि वयामुळे बसणारा हा फटका पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या बाबतीत अधिक ठळक होता.

साचे खात्यातील कामगार

ही तिन्ही उत्तरे एकाच ठिकाणी खरी ठरलेली पाहायची असतील, तर मुंबईच्या गिरणगावाकडे वळावे लागते. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे पहिल्या कापड गिरणीचा पाया घातल्यापासून सव्वाशे वर्षे कोकण आणि घाटावरील लक्षावधी कुटुंबांचे पोट या धंद्यावर चालले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. १९८३ मध्ये शासनाने १३ गिरण्या ताब्यात घेतल्या, काही खासगी गिरण्या कमी माणसांवर पुन्हा सुरू झाल्या आणि पुढील दोन दशकांत उरलेल्याही एकेक करून बंद पडल्या. कामावर परत न घेतलेल्यांत आणि पुढे हिशेब देऊन घरी पाठवलेल्यांत चाळिशी-पन्नाशीच्या कामगारांचा भरणा मोठा होता.

या कामगाराचे कसब कोणत्या जातीचे होते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. साचे खाते म्हणजे विणकामाचा विभाग. साच्यावर उभे ताणलेले हजारो धागे, म्हणजे ताणा, आणि धोट्याबरोबर आडवा धावणारा धागा, म्हणजे बाणा, यांची वीण होत असताना ताण्याचा एखादा धागा तुटतो. साचेवाल्याला साचा थांबवून तुटलेले टोक शोधावे लागते, त्याला जोड देऊन ते फणीच्या नेमक्या फटीतून ओवून घ्यावे लागते आणि साचा पुन्हा चालू करावा लागतो. उशीर झाला तर माल कमी निघतो, चूक झाली तर कापडात दोष राहतो. शेकडो साच्यांच्या कानठळ्या बसवणाऱ्या गोंगाटात आपल्या साच्याचा बदललेला ठेका ओळखणारा कान आणि डोळ्यांच्या आधी टोकापर्यंत पोहोचणारी बोटे ही वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होत. या विद्येचे प्रमाणपत्र कोणी देत नसे. कामगार धंदा शिकला तो नातेवाइकाच्या किंवा गाववाल्याच्या शेजारी उभे राहून. कायम होण्यापूर्वी त्याने ‘बदली’ म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजच्या रोज फाटकावर हजर राहून मिळेल तेव्हा, काम केलेले असे. गिरणी सुटली तेव्हा त्याच्या हातात जे कागद उरले, त्यांवर नाव, तिकीट नंबर, खाते आणि जन्मतारीख एवढेच होते. नव्या मालकाला वाचता येईल असे त्यांत जन्मतारखेखेरीज काही नव्हते.

कसबाला गिऱ्हाईक असलेली एक जागा होती, ती म्हणजे यंत्रमाग. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी येथे लहान लहान शेडमधून चालणाऱ्या यंत्रमागांना विणकाम जाणणारी माणसे हवी होती. पण तेथे पाळी बारा तासांची, मजुरी निघालेल्या कापडाच्या मापावर आणि सांभाळायचे माग अधिक. भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा, आजारपणाचा विमा हे जे गिरणीत लढून मिळवलेले होते, त्यांतील फारसे काही या शेडमध्ये शिल्लक नव्हते. अर्थात, कसब तेच राहूनही त्याची किंमत पडली. काहींनी फेरीचा धंदा धरला, काही गावी जाऊन कोरडवाहू तुकड्यावर बसले, आणि कित्येक इमारतींच्या फाटकांवर रखवालदार झाले. गिरणगावात घर चालवण्याचा भार बायकांवर आला. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने खानावळ चालवणाऱ्या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याची वाट आधीच पाडून ठेवली होती, आणि हा धंदा नवऱ्याचा पगार थांबलेल्या अनेक घरांचा आधार ठरला.

हा अनुभव मुंबईपुरता नव्हता. त्याच सुमारास अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्यात पोलाद आणि इतर जुने उद्योग आखडत होते. तेथील दीर्घकाळ एकाच ठिकाणी काम केलेल्या आणि उद्योग खालावल्यामुळे नोकरी गमावलेल्या कामगारांचा अभ्यास लुई जेकबसन, रॉबर्ट लालोंड आणि डॅनिएल सलिव्हन यांनी १९९३ साली प्रसिद्ध केला. नोकरी गेल्यानंतर बरीच वर्षे उलटल्यावरही या कामगारांची कमाई ती न जाती तर जितकी असती त्यापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमीच राहिली, असे त्यांना आढळले. काम पुन्हा मिळते, जुना मोबदला मिळत नाही, असा याचा अर्थ होतो.

ओळखीचे जाळे

काम शोधण्याच्या मार्गांपैकी ओळख हा सर्वांत जुना मार्ग आहे, पण कोणती ओळख कामी येते याचे उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळे आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिले की, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांपैकी निम्म्याहून अधिक जणांना ती माहिती देणारी व्यक्ती जिवलग नव्हती. तिच्याशी त्यांची गाठ अधूनमधूनच पडत असे. याची कारणमीमांसा सोपी आहे. जवळची माणसे आपल्याच वर्तुळात वावरतात, त्यामुळे आपल्याला जे ठाऊक असते तेच त्यांनाही ठाऊक असते; दूरची ओळख मात्र दुसऱ्या वर्तुळातील बातमी आणते. ग्रॅनोव्हेटर यांनी यालाच ‘सैल धाग्यांचे बळ’ असे नाव दिले.

गिरणी कामगाराचे दुर्दैव या सिद्धान्ताच्या प्रकाशात स्पष्ट दिसते. त्याचे सर्व धागे घट्ट होते. एका गावची माणसे एका खोलीत राहत, एका खानावळीत जेवत, बहुधा एकाच गिरणीत, पुष्कळदा एकाच खात्यात कामाला असत. तरुणपणी याच घट्टपणाने त्याला काम मिळवून दिले होते. पण गिरणी बंद पडली तेव्हा त्याचा भाऊ, मेहुणा, शेजारी आणि गाववाला हे सगळे एकाच दिवशी बेकार झाले, आणि कोणीच कोणाला कामाची बातमी देऊ शकेना.

कायद्याचा आधार आणि त्याची वेस

भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद १६ सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवास यांवरून भेदभाव करण्यास मनाई करतो. या यादीत वय नाही. खासगी नोकरभरतीत वयावरून नकार देण्यास सरसकट बंदी करणारा कायदाही भारतात नाही. त्यामुळे अमेरिकेत ज्या जाहिरातीवर खटला भरता येईल, ती जाहिरात येथे निर्वेध छापता येते.

काम जात असतानाचे संरक्षण मात्र बरे आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगार कपातीबाबत तीन नियम घातले आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आले आहेत. पहिला नियम भरपाईचा: सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन. दुसरा क्रमाचा: त्या प्रकारच्या कामावर जो सर्वांत शेवटी आला तो सर्वांत आधी जाईल, म्हणजे जुन्या कामगाराला ज्येष्ठतेचे कवच. तिसरा नियम फारसा कोणाला ठाऊक नसतो: मालकाने पुन्हा भरती काढली, तर कपात झालेल्या कामगारांना संधी देऊन त्यांना अग्रक्रम दिला पाहिजे. नव्या संहितेत हा अग्रक्रम कपातीनंतर एका वर्षापुरता आहे. शिवाय कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून मालकाने पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम निधीत भरावी आणि ती कामगाराच्या खात्यात जमा व्हावी, अशी तरतूद संहितेने केली आहे. पंधरा दिवसांच्या वेतनात पन्नाशीचा माणूस कोणते नवे कौशल्य शिकणार, हा प्रश्न तिने अनुत्तरित ठेवला आहे. दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक तर या संहितेच्या व्याख्येत ‘कामगार’ ठरतच नाही, म्हणजे मेहनतीने मुकादमाच्या जागेपर्यंत चढलेला मनुष्य चढल्यामुळेच कवचाबाहेर पडतो.

रखवालदारीच्या धंद्यात उतरत्या वयाची माणसे एवढी का दिसतात, याचे एक उत्तरही कायद्यातच सापडते. खासगी सुरक्षा संस्थांविषयीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने सुरक्षारक्षकाचे वय १८ पूर्ण आणि ६५ च्या आत ठेवले आहे. शासकीय सेवेचे दार खुल्या प्रवर्गासाठी ३८ व्या वर्षी आणि अनेक कारखान्यांचे त्याहूनही आधी बंद होत असताना हे दार ६५ पर्यंत उघडे राहते, आणि गरजू माणूस उघड्या दाराकडे जातो.

दोन तारखांमधली दरी

काम शोधण्याच्या काळात घर कशावर चालते, यावर शोध किती दिवस आणि किती नेटाने करता येईल हे ठरते. समजा, अठरा वर्षे सेवा झालेल्या ५० वर्षांच्या कामगाराची कपात झाली. त्याची कपातीची भरपाई २७० दिवसांच्या, म्हणजे साधारण नऊ महिन्यांच्या वेतनाएवढी होईल. १९७२ च्या कायद्याने लागू केलेली ग्रॅच्युइटी वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाची असते, पण तेथे महिना २६ दिवसांचा धरतात, त्यामुळे ती दहा महिन्यांच्या पगाराहून थोडी अधिक भरते. ही रक्कम एकदम हाती येते आणि मुलीचे लग्न, घराची डागडुजी, जुने कर्ज यांत एकदमच जाण्याचा धोका असतो.

पेन्शनची तारीख याहून दूर आहे. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान दहा वर्षे सेवा असणाऱ्याला ५८ व्या वर्षी पेन्शन सुरू होते. सूत्र असे की, पेन्शनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागावे. पेन्शनपात्र वेतन १५,००० रुपये धरले, तर अठरा वर्षांच्या सेवेवर ही रक्कम दरमहा ३,८५७ रुपये येते. पन्नाशीनंतर ती आधीही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी असतील तितक्या वर्षांमागे ४ टक्के दराने कपात होते आणि ती कपात जन्मभर राहते. म्हणजे या कामगारापुढे आठ वर्षांची दरी आहे आणि ती ओलांडण्यासाठी त्याच्यापाशी दीड-पावणेदोन वर्षांच्या पगाराएवढी शिदोरी आहे. अशा स्थितीत माणूस आपल्या कसबाला साजेल त्या कामाची वाट पाहू शकत नाही. जे आधी मिळेल ते धरतो, आणि पगाराची जी पातळी त्याने एकदा मान्य केली तीच पुढच्या मालकापुढे त्याची किंमत ठरते.

सुशिक्षितांची स्थिती वेगळी असते, पण सर्वस्वी निराळी नसते. २०००-०१ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली; पंधरा वर्षे सेवा किंवा वयाची ४० वर्षे पूर्ण झालेल्यांना तिचा लाभ घेता येई आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ६० दिवसांचे वेतन किंवा उरलेल्या सेवेचे वेतन, यांपैकी जे कमी असेल ते सानुग्रह अनुदान म्हणून मिळे. सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांनी ती स्वीकारली. गिरणी कामगाराच्या तुलनेत यांच्याजवळ पैसा होता, पेन्शन होती आणि हिशेब व कर्जव्यवहार जाणण्याचे सर्वसाधारण कौशल्य होते, जे पतसंस्था, सहकारी बँका आणि खासगी पेढ्यांनाही चालत असे. दोघांच्याही वाट्याला वय तेच आले होते. फरक पडला तो दुसऱ्याला वाचता येईल अशा कसबाचा आणि वाट पाहू देणाऱ्या पैशाचा.

कसब कागदावर आणणे

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, उतरत्या वयातील उमेदवाराची पहिली अडचण त्याच्या शक्तीची नसून त्याच्या पारखीची असते. मालकाला जन्मतारखेखेरीज वाचायला काही मिळत नाही, म्हणून तो जन्मतारीख वाचतो. शासनाने या दिशेने काही पावले टाकली आहेत. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ‘पूर्वज्ञान मान्यता’ नावाची सोय आहे, जिच्यात कामावरच शिकलेल्या माणसाची चाचणी घेऊन त्याला प्रमाणपत्र दिले जाते. साठी उलटलेल्या आणि काम करू इच्छिणाऱ्या ज्येष्ठांसाठी केंद्र शासनाने १ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘सेक्रेड’ हे नोंदणी संकेतस्थळ सुरू केले. चाळिशी ते साठीच्या दरम्यानच्या माणसासाठी खास अशी सोय मात्र या दोहोंतही नाही.

त्यामुळे बरीचशी तजवीज त्याला स्वतःलाच आणि तीही नोकरी चालू असतानाच करावी लागते. अनुभवाच्या दाखल्यावर ‘अमुक वर्षे समाधानकारक सेवा’ एवढ्यावर न भागवता कोणती यंत्रे चालवली, किती माणसे हाताखाली होती, कोणती दुरुस्ती येते, हे लिहून घ्यावे. आस्थापना बंद पडल्यावर तो लिहून देणारा कोणी उरत नाही. निधीच्या खात्यावरील नाव आणि जन्मतारीख इतर कागदांशी जुळते का, हे आधी पाहावे. आपल्या खात्याबाहेरच्या, दुसऱ्या धंद्यांतल्या माणसांशी येणेजाणे ठेवावे. कपात झालीच, तर फेरभरतीत विचार व्हावा असा लेखी अर्ज जुन्या मालकाकडे देऊन त्याची पोच घ्यावी, कारण नव्या संहितेने दिलेला अग्रक्रम वर्षभरातच संपतो.